पाटीचा फोटो

दुपारी दीडला माझी सकाळ होते.
ऐरोलीत, सातव्या मजल्यावर,
एसी असा की मे महिन्यातही खुर्चीवर शाल.
समोर फाइल : इंग्लंडातल्या कुठल्याशा गावातला
चोवीस खाटांचा वृद्धाश्रम.
त्यांना परदेशातून नर्स हव्यात,
त्यासाठी आधी लायसन्स हवं,
आणि लायसन्ससाठी सिद्ध करायचंय
की ते आहेत.

म्हणजे खरंच आहेत.
बँकेचे कागद, विम्याचा दाखला, जागेचा करार,
कोण रजेवर, कोण आजारी, कुणाचा पत्ता बदलला
हे सगळं लिहून ठेवणाऱ्या बाईचं नाव
(मिसेस हॅलम, सही डावीकडे कललेली)
आणि इमारतीचा फोटो, पाटीसकट.

पहिल्या आठवड्यात मी शेजारच्या निनादला विचारलं,
म्हणजे मालकाची परीक्षा?
तो म्हणाला, हो. आणि आपण त्यांचा क्लास.

बाबा वागळे इस्टेटमध्ये लेथवर होते,
एकोणीस वर्षं, रोड नंबर बावीस.
त्यांची परीक्षा पहिल्याच दिवशी झाली :
हातात लोखंडाचा तुकडा दिला,
म्हणे याचा शाफ्ट करून दाखव,
केसाएवढा फरक पडला तर गेट तिकडे.
मालकाचं माप कुणी घेतलं नव्हतं.

एका सोमवारी गेटला कुलूप.
पाटी होती तिथे भिंतीचा तेवढाच चौकोन
बाकीच्या भिंतीपेक्षा पिवळा,
चार कोपऱ्यांत चार भोकं.
पीएफ कापला होता, भरला नव्हता.
बाबा साडेआठलाच परत आले
आणि आईनं त्यांच्याच डब्यातली गवार
काही न विचारता आम्हा दोघींना वाढली.

म्हणून असेल, पण ही फाइल करताना
मला बरं वाटायचं.
साहेब लोक हात बांधून उभे,
पगार ठरल्याहून कमी देणार नाही असं लिहून देतायत,
तेही मला.
मग खालचं कलम आलं :
नर्स सलग दहा दिवस कामावर न आल्यास
मालकानं सरकारला कळवावं.
आणि मालकाचंच लायसन्स गेलं तर
नर्सनं दोन महिन्यांत दुसरा मालक शोधावा, नाहीतर परत.
म्हणजे नापास तो,
आणि शाळा सोडायची हिनं.

सुकेशनी तायडे आमच्याच चाळीत, किसननगरला.
ठाण्यातच आयसीयूत नाइट करते.
इंग्रजीची परीक्षा दुसऱ्या खेपेला सुटली,
आईच्या पाटल्या एजंटाकडे गेल्या,
आता ऑफर आलीय, समुद्राजवळच्या एका गावातून.
रविवारी प्रिंट घेऊन आली.
ताई, तू यातली. मालक बरा आहे का गं?

मी शिक्के बघितले, नंबर ताडून पाहिला,
यादीत नाव होतं, वरच्या दर्जाचं.
कागद बरोबर आहेत, म्हटलं.
कागद नाही विचारले मी, ती म्हणाली.

बाबांनी तोवर चश्मा लावला होता.
ऑफरच्या वर इमारतीचा फोटो,
तो खिडकीच्या उजेडात धरला,
जवळ नेला, लांब नेला,
मग ज्या बोटाचं पेर लेथनं नेलंय
त्या बोटानं पाटीचा कोपरा दाखवला.
स्क्रू नवे आहेत, म्हणाले.
पाटी जुनी, स्क्रू नवे.

कुणी काही बोललं नाही.
सुकेशनी हसली थोडी,
काका, पाटी धुवायला काढली असेल.
असेल की, बाबा म्हणाले. विचार मात्र.

ती विचारणार आहे का, माहीत नाही.
व्हिसाची तारीख तिला मिळालीय,
आणि पाटल्या काही परत येत नाहीत.

सोमवारी मी मिसेस हॅलमना मेल लिहिली.
कागदपत्रं मिळाली, आभारी आहोत.
पाटीचा अजून एक फोटो पाठवावा,
जवळून, चारही कोपरे दिसतील असा.
निनाद म्हणाला, हे कुठल्या नियमात बसतं?
कुठल्याच नाही, म्हटलं,
आणि पाठवून दिली.